तीन महिन्यांची साखर

तमाम धारूरकरांना, आसपासच्या वाड्यावस्त्यांना आणि विशेषतः पुण्यात राहणाऱ्या माझ्या लेकीला कळवण्यास अत्यंत खेद होतो, की गेल्या मंगळवारी माझ्याच रक्ताने माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

खटला असा. बायको जाऊन वर्ष झालं. मी पंचावन्नचा, मधुमेह आठ वर्षांचा. लेक म्हणायची, दुकान बंद करा आणि पुण्याला या. मी म्हणायचो, साखर ताब्यात आहे तोवर मला इथंच राहू दे. शेवटी ती कबूल झाली, पण साखर वाढली तर वाद न घालता निघायचं, ही अट घालून. तिचा फ्लॅट मी पाहिलाय. ती आणि जावई सकाळी नऊला बाहेर पडतात ते दिवेलागणीनंतर येतात. मधल्या वेळात घरात आवाज करणारे दोघंच, मी आणि फ्रीज.

म्हणून दर महिन्याला तपासणी. मी तयारीचा माणूस. आधी चार दिवस बिनसाखरेचा चहा, ज्वारीची भाकरी, मेथी आणि किल्ल्यापर्यंत चक्कर. पाचव्या दिवशी उपाशीपोटी रक्त. कागदाचा फोटो लेकीला पाठवायचा, तिकडून अंगठा यायचा आणि मी उरलेला महिना मोकळा.

मोकळा म्हणजे कसा, ते सांगतो. माझा धंदा भाड्यानं भांडी देण्याचा. लग्न, बारसं, तेरावं, सप्ताह, काहीही असो, कढया आणि ताटं माझी. भांडी घेऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बायको होती तेव्हा टेम्पोबरोबर गडी जायचा. आता मीही जातो. गड्यानं एकदा विचारलं, "मालक, मी हाय की. तुमी कावून येता उन्हातान्हाचं?"

"ताटं मोजायला," मी म्हणालो.

ताटं मोजून होईस्तोवर पंगत बसते. बुंदी येते. मी ताटावर आडवा हात धरतो, मान हलवतो, नव्या नवरीसारखा लाजतो. वाढणारा म्हणतो, "घ्या हो मालक, एवढ्यानं काय हुतंय," आणि बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. मग मी हात काढून घेतो. हे दोनदा होतं, कधी तीनदा. लिंबागणेशला तर ना माझी भांडी होती, ना कुणाशी ओळख. दर्शनाला गेलो, पंगत दिसली, बसलो. तिथंही एका म्हाताऱ्यानं मला शिरा वाढताना हात धरू दिला नाही. घरी एका भाकरीसाठी तवा तापवतो. अर्धी खातो, अर्धी दारातल्या गाईला जाते. गाय आग्रह करत नाही.

तर मंगळवारी नेहमीसारखा उपाशी लॅबमध्ये गेलो. रक्त घेणारी बाई म्हणाली, "काका, तुमच्या मुलीचा फोन आलता. ह्या वेळी तीन महिन्यांची साखर पण बघायची हाय. त्याला उपाशी यायची गरज न्हाई, चहा पिऊन आला असता तरी चाललं असतं."

मी तेव्हाच ओळखलं. ज्या तपासणीला माझ्या उपाशी पोटाचीही गरज नाही, ती म्हणजे लाच न घेणारा हवालदार.

"चार दिवस मी लई पथ्य पाळलंय," मी सुचवून पाहिलं.

"चार दिवसांनी काय हुतंय? रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात. रक्तात साखर जास्ती असली की ती त्यान्ला चिकटती अन् पेशी मरंस्तोवर सुटत न्हाई. मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं त्याच्यात दिसतंय."

दुपारी कागद आला. उपाशीपोटीची साखर एकशे छत्तीस, अगदी सज्जन. खाली तीन महिन्यांची, साडेनऊ टक्के; हवी होती सातच्या आत. मी अजून बाकड्यावरच होतो, तोवर लेकीचा फोन. कागद तिच्याकडे परस्पर पोचला होता.

"अण्णा, साडेनऊ."

"मशीन जुनं हाय ह्यांचं."

लॅबवाल्या बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चार दिवसांचं नाटक मला माहीत होतं. आई होती तेव्हाही तुम्ही तेच करायचात, ती सांगायची. म्हणून तर ही तपासणी करायला लावली. आता खरं सांगा, तीन महिने काय खाल्लं?"

मी सांगू लागलो. बारशाची बुंदी, तेराव्याचे लाडू, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीची लापशी, लिंबागणेशचा शिरा. म्हाताऱ्याची नक्कलही केली. बाकड्यावरचे दोन पेशंट हसले. ती हसली नाही.

"घरी भाकरी आहे, भाजी आहे. लोकांच्या पंगतीत जाऊन बसायचं कशाला, अण्णा?"

ताटं मोजायला, हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं, तेही भरल्या लॅबमध्ये, मोठ्यानं:

"अगं माय, तिथं 'अजून थोडं घ्या' म्हणणारं कुणीतरी असतंय."