पाच फुटांचं जोतं

मारुंजीत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधायला काढली तेव्हा गवंड्याने हात जोडून सांगितलं होतं, "आप्पा, जोतं दीड फुटावर ठेवू. भाडेकरू गाड्या घिऊन येत्यात."

आप्पांना ते मानवलं नाही. आमच्याकडे माणसाची ऐपत घराच्या जोत्यावरून ठरते. भावकीत कुणाचं जोतं चार फूट असेल तर आपलं पाच हवं, मग आत काय शिजतं ते कुणी विचारत नाही. आप्पांनी पाच फूट दगडी जोतं आणि आठ पायऱ्या करून घेतल्या. वास्तुशांतीला आलेल्या चुलत्यांनी चढताना गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हाच आप्पांचे पैसे वसूल झाले.

खाली आम्ही आणि वर दहा खोल्या. लातूर-जळगावकडची, हिंजवडीत कंप्युटरवर काम करणारी पोरं राहायला आली. त्यांच्या तेरा मोटरसायकली आठ पायऱ्या चढेनात, म्हणून रस्त्यावरच राहू लागल्या. टेम्पोवाल्यांनी त्यांचे आरसे उडवले. वर्षाच्या आत चार खोल्या रिकाम्या झाल्या. समोरच्या इमारतीत पार्किंग होतं. आमच्याकडे नुसता रुबाब.

मी पिरंगुटच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे घरातला शहाणा. एका रविवारी मी तोडगा काढला. मागचा गोठा पाडायचा, तिथे पार्किंग करायचं आणि म्हैस विकून टाकायची. एकच तर म्हैस होती. आप्पांनी लगेच मान डोलावली, कारण त्यात जोत्याला धक्का नव्हता.

आईला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेतावर इमारत उभी राहिली तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हशीचं शेणपाणी, धार आणि भाडेकरूंच्या दारात दूध पोचवणं, एवढंच तिच्या हातातलं काम उरलं होतं. हे मला आज कळतं आणि लाज वाटते. तेव्हा मी टेप घेऊन गोठा मोजत होतो.

घोटावड्याचा व्यापारी आला त्या सकाळी आईने म्हैस धुतली, कपाळाला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली आणि दावं आप्पांच्या हातात दिलं.

"तुमीच द्या. माज्यानं न्हाई व्हायचं."

आप्पा दावं धरून उभे राहिले. म्हैस त्यांचा सदरा चाटत होती. ते एकदा तिच्याकडे बघत, एकदा पायऱ्यांकडे. व्यापाऱ्याने पैसे काढायला खिशात हात घातला तसे ते माझ्यावरच ओरडले, "गवंड्याला फोन लाव. पायऱ्या फोड म्हनावं. उतार करू!"

आप्पांचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. तो साधारण पाच मिनिटं टिकला.

"उतारावरनं गाड्या वर चढत्याल," व्यापारी म्हणाला, "पर लावायच्या कुटं?"

"फुडची खोली हाय की," आई म्हणाली.

पुढची खोली माझी होती. रस्त्याकडे खिडकी, भिंतीवर टीव्ही, सगळं मी हौसेने केलेलं. आप्पांनी त्या रविवारसारखीच लगेच मान डोलावली.

महिन्याभरात उतार झाला आणि माझ्या खोलीची भिंत काढून शटर बसलं. आप्पांनी कडेला हातभर रुंदीच्या पायऱ्या तेवढ्या राखून ठेवल्या. अजूनही ते तिथूनच चढतात, उतारावर पाय ठेवत नाहीत. मला मिळाली गोठ्याला लागून असलेली कडब्याची खोली.

गादी तिकडे नेताना मी कुरकुरलो, "आई, मला एकदा विचारायचं तरी होतंस."

ती धार काढत होती. मान वर न करताच म्हणाली, "म्हस इकाया काढलीस तवा तू मला इचारलं व्हतंस?"

मी गादी उचलली आणि आत गेलो.