शाला न्हाय का आज?

थळला आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशी पाटी ओट्यावर टेकवतात आणि माशांचं नावही न काढता विचारतात, "शाला न्हाय का आज, बाय?" माझी दोन्ही मुलं घरीच शिकतात, हे मी वर्षभर सांगतेय. त्या मान डोलावतात, ताजे बांगडे निवडून देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणसाने सांगावं तरी किती वेळा? एकदा तर पोरांना काही दुखणं आहे का, म्हणून त्यांनी शेजारी चौकशी केली.

मे लागला. म्हटलं, आता सगळ्याच शाळा बंद, महिनाभर तरी सुटले.

पहिल्याच सोमवारी मावशी नातीला घेऊन आल्या. तेल चोपडलेल्या वेण्या, हातात कोरी वही. "हिला बशीव तुज्या पोरांसंगं. घरी ऱ्हायली तर दिसभर सुकटीवरचे कावले हाकवीत बसंल."

मी काही बोलायच्या आत नात चटईवर बसलीसुद्धा. मला इतकं बरं वाटलं की मी मावशींसाठी चहा टाकायला वळले.

तेवढ्यात मागून आवाज आला. मावशी माझ्या मुलांना विचारत होत्या, "हिची शाला जूनला उघडंल. तुमी कदी जानार?"