गंगाजलीवर बांधलेला मतदारसंघ

निवडणुकीआधी सगळ्यांच्या हातात गंगेच्या पाण्याची तांब्याची गंगाजली दिली. आमच्या बाबांपुढे बाथरूममधला प्लास्टिकचा मग्गा धरला.

"आप लोग इसी में हाथ डाल दो," भैयाजीचा माणूस म्हणाला.

बाबांनी हात घातला. भैयाजी सांगेल त्यालाच मत देईन, असं सगळ्या लाइनीसमोर बोलले. मी शाळकरी पोर, शेजारीच उभी. आमच्या भागाचा दादा भैयाजी खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

आमचा मतदारसंघ असा चालायचा. सोनागिरी वस्तीच्या अलीकडे कारखान्याचे क्वार्टर, पलीकडे कारखान्यात जमिनी गेलेली खेडी, दोन्ही एकत्र बांधलेले. गंगाजली उचलली की माणूस शब्द फिरवत नाही, ही खेड्यातली रीत. भैयाजीने ती क्वार्टरांत आणली. आमदार बदलले, पक्ष बदलले. मतं मात्र भैयाजीच्याच मुठीत. क्वार्टर कुणाला मिळेल, कुणाचा जाईल, हेही तोच ठरवायचा.

बाबा नागपूरचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी या हिंदी मुलखात आलेले, बौद्ध दीक्षा घेतलेले. गंगा मानत नव्हते. तरी तिच्या शपथेला बांधले गेले, आणि वर तिच्या भांड्याला शिवायलाही नालायक ठरले. घरी आल्यावर म्हणाले, "जाऊ दे, पाणीच तर होतं."

आई भाकरी थापत होती. "पाणी होतं म्हणे! इमान काढून घेतलं तुमचं त्या मग्ग्यात."

बाबा जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला. त्यांचाच आला, भैयाजीचा नाही. इतकी मी तेव्हा मूर्ख होते.

माझं पहिलं मत आलं ती त्या मतदारसंघाची शेवटची निवडणूक. पुढच्या वेळी हद्दी बदलणार, क्वार्टर एकीकडे जाणार, खेडी दुसरीकडे, असं सगळे बोलत होते. भैयाजी तरी आलाच. आमच्यासाठी या वेळी स्टीलचा गिलास होता. वा रे प्रगती!

बाबांचा हात पुढे झाला. मी मनगट धरून मागे ओढला.

"आमच्या घरातलं कुणी शपथ घेणार नाही," मी म्हटलं. "माझं मत मी कुणाला सांगणारही नाही."

भैयाजी पहिल्यांदाच आमच्याकडे बघून हसला.

"बिटिया, क्वार्टर किसके नाम है?"

बस, एवढंच बोलला. त्यानंतर संध्याकाळी आमच्या दारासमोर जीप येऊन उभी राहायची. कुणी उतरायचं नाही. इंजिन चालू असायचं. शेजारच्या काकूंनी आईशी बोलणं सोडलं. मग क्वार्टर रिकामा करण्याची नोटीस आली. कारण काय, ते कुणी सांगेना. आम्ही अशोका गार्डन नावाच्या वस्तीत रेल्वेलाइनीजवळ खोली घेतली. बाबा माझ्याशी महिनोन्‌महिने धड बोलले नाहीत. मला ते लागलं. पण हात मागे ओढला याचा पस्तावा कधी झाला नाही.

पुढे तो मतदारसंघ मोडला. क्वार्टरातले लोक म्हणाले, चला, सुटलो. कसले सुटले! हद्द हलली, भैयाजी तसाच राहिला. आता आमचा भाग ज्या नव्या मतदारसंघात आहे, तिथून तो स्वतःच उभा राहतोय. त्याची माणसं गल्लीत फिरतात. किराणावाल्याला परवा विचारून गेली, "वो नागपुरवालों की लड़की यहीं रहती है ना?"

बाबांनी ते ऐकलं. दुपारीच दाराला कडी लावून बसले. म्हणाले, "पोरी, जिवाचं बरंवाईट करतील तुझ्या."

करतीलही. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. जीपचा आवाज आला की अजून आधी दाराची कडी बघते. पण या वेळी नुसतं नाही म्हणून भागणार नाही. मी त्याच्याविरुद्ध उभी राहणार आहे. पडेन, डिपॉझिटही जाईल, कदाचित ही खोलीसुद्धा. तरी मशीनवर त्याच्या नावाबरोबर माझं नाव असेल, आणि तो मत द्यायला येईल तेव्हा ते त्याला वाचावं लागेल.