एकाच चटईवरची शाळा

द्वारकाताईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा होऊन, देवरूखच्या माझ्या घरून निघून, मी संगमेश्वराजवळच्या त्या खाडीकाठच्या गावी मुलींच्या वर्गावर दुय्यम शिक्षिका म्हणून रुजू होण्यास गेले होते. शाळा कोठे, असे विचारल्यावर एका बाईने भात आणि पेंढा ठेवायच्या एका मांगराकडे बोट दाखविले. दारात वर्गाच्या मुख्य शिक्षिका द्वारकाताई उकिडव्या बसून एका मोडीत निघालेल्या होडीच्या, पडावाच्या फळ्यांना काळा लेप देत होत्या.

"आलीस? बरं झालं," मान वर न करता त्या म्हणाल्या. "बसायला द्यायला काही नाही बघ. काम मात्र आहे."

लोकल बोर्डाने वर्गाला परवानगी दिली होती, सामान दिले नव्हते. वर्षभरात वर्ग नीट चालला नाही तर तो मुलांच्या शाळेत मिळवून टाकायचा असे ठरले होते. तिथे गावाने आपल्या मुली धाडल्या नसत्या, हे सर्वांनाच ठाऊक होते. ताईंनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. करवंटीचा कोळसा वाटायचा, चिंचोक्याच्या खळीत कालवायचा, फळ्यांवर हात देत राहायचे. असा तयार झालेला फळा वाळल्यावर त्यावर उमटलेले पहिले पांढरे अक्षर मला अजून दिसते. पुढे मुंबईला चांगल्या पॉलिश केलेल्या फळ्यांवर मी पुष्कळ वर्षे शिकविले, पण अक्षर तसे कधी उठले नाही.

बसण्यासाठी ताईंनी माडाच्या झावळ्या आणविल्या. मुलींनी घरून आपापले पाट आणावेत, असे मी सुचविले होते. ताई म्हणाल्या, "पाट आले की घरंही आली. आपण एकच चटई विणू, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत." त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला चटई विणून झाल्यावर कळला. वहाळापलीकडच्या वाडीतली येसू, जिच्या घरच्या माणसांना गाव शिवत नसे, आतापर्यंत दाराबाहेर बसत असे. चटई विणायला तीही होती. विणून झाल्यावर ताईंनी तिला आत बोलाविले आणि इतर मुलींच्या मध्ये बसविले.

दुसऱ्याच दिवशी मांगराचे मालक बापू खोत आले. माणूस वाईट नव्हता. मांगर त्यांनीच आपण होऊन दिला होता.

"बाई, त्या पोरीला कडेला वेगळा तुकडा द्या," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "कुणाचं काही बिघडायचं नाही."

"चटई एकसलग विणलीय, बापू. कापली तर सगळीच उसवेल."

"मग मला मांगर परत घ्यावा लागेल."

"तुमचाच आहे. आम्ही चटई उचलू आणि समोरच्या आंब्याखाली बसू."

बापू निघून गेले. मांगर त्यांनी परत घेतला नाही. पण मुली यायच्या बंद झाल्या. एवढ्या लांब चटईवर येसू आणि आणखी दोघी-तिघी. मी घाबरून गेले. ताई मात्र रोज पूर्ण वर्ग असल्यासारख्या शिकवीत.

त्याच दिवसांत त्यांनी अंगणात नकाशा करायला घेतला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर जांभ्या दगडाच्या तुकड्यांचा सह्याद्री, ओल्या मातीचे डोंगर, बोटाने कोरलेल्या खाड्या, आणि शंख-शिंपल्यांचा किनारा. किनाऱ्याचे काम येसूकडे होते. अंगण रस्त्यालगत होते, त्यामुळे येणारी-जाणारी माणसे थबकत. एका सकाळी भागीरथी थांबली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि आपली मुलगी तिने वर्गातून काढली होती.

"बाय, ह्यात मुंबय कंच्या अंगाला?" तिने कुंपणापलीकडून विचारले.

ताई म्हणाल्या, "येसू, दाखव गो काकीला."

येसूने काठी घेतली. "हे आपलं गाव. ही खाडी. हितनं जयगड. तिथं बोटीत बसायचं. मग दाभोळ, मग हर्णै..." काठी शिंपल्यांवरून सरकत वर गेली आणि थांबली. "ही मुंबय."

भागीरथी आत आली. खाली वाकून तिने गावापासून मुंबईपर्यंत हात फिरविला. "एवढाच समुद्र आहे मधी?" ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने येसूला म्हणाली, "परत सांग गो एकदा." येसूने परत सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिची मुलगी चटईवर येऊन बसली. त्या गावात ज्यांचे कोणी मुंबईला नाही असे घर क्वचितच होते. एकेक बाई येत गेली, आपले माणूस कुठे आहे ते पाहून गेली, आणि मागून तिची मुलगी आली. सगळ्या आल्या असे नाही. बापू खोतांची नात शेवटपर्यंत आली नाही. पण वर्षअखेर बोर्डाचे अधिकारी आले तेव्हा चटई भरलेली होती आणि येसू मधोमध बसली होती. वर्ग कायम झाला.

ताईंच्या मायेविषयी एकच सांगते. त्या वर्षी माझी आई वारली. दिवस करून मी परतले. ताईंनी मला पुढ्यात बसविले, केसांना तेल लावले आणि हळूहळू वेणी घातली. तेव्हा मी रडले. वेणी पुरी झाली तरी त्यांनी हात काढला नाही.

पुढे माझे लग्न झाले आणि मी मुंबईस आले. परत जायचे दर सुट्टीत ठरते आणि राहून जाते. वर्गाला आता चिऱ्याची इमारत आणि विकतची बाके आहेत असे ऐकते. ऐकून आनंद होतो, आणि ती चटई कुठे गेली असेल, असे मनात येते.

लग्नात आमच्याकडे मुलीचे नाव बदलतात. सासरी, शाळेत, शेजारी मला सगळे नव्या नावानेच ओळखतात. माहेरच्या नावाने हाक मारणारे आता द्वारकाताईंवाचून कोणी उरलेले नाही. कोणी गावाकडून आले की त्या निरोप धाडतात, "इंदूला म्हणावं, येऊन जा." ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, त्यांची नजर आणि गुडघे शाबूत राहावेत, अशी त्यांना ओळखणाऱ्या आम्हा सर्वांची इच्छा आहेच. माझी प्रार्थना थोडी स्वार्थी आहे. जगात कोणीतरी मला इंदू म्हणणारे अजून पुष्कळ वर्षे असावे.