मामाचा मांडव आणि मामाचं छप्पर

दिंडोरीच्या रस्त्यावर फवारणीच्या गंधकाचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. इंजिनिअरिंगला असताना, वादळात घराचं छप्पर कसं टिकेल यावर आमचा प्रोजेक्ट होता. वारा आणायचा कुठून? मामाचा द्राक्षं फवारायचा ब्लोअर आणला. त्याच्या झोतात नुसते दगड ठेवलेले पत्रे उडाले. लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळलेले हलले नाहीत.

मामा ओरडला, "लय भारी! त्या पट्ट्या मला दे."

मी हरखून दिल्या. त्याने त्या द्राक्षांच्या मांडवाला आवळल्या.

"अन् घराला?"

"घरावर दगड हायेत की!"

त्याच वर्षी वैशाखात वादळ आलं. मांडव ताठ उभा राहिला. मामाच्या घराचे पत्रे आम्ही त्याच मांडवावरून खाली काढले, आणि मामा पुन्हा ठेवायला दगड शोधू लागला.