न विझलेले दिवे

नांदुऱ्याच्या कॉलेजात मी फिजिक्सची लॅब असिस्टंट होते. आमच्या गावात मास्तर आणि कारकुनांचं एक नाट्यमंडळ होतं. त्याचं दिग्दर्शन मराठीचे एक सर करायचे. त्यांच्या नाटकात शेवटी म्हातारा बाजेवर पडल्या पडल्या जातो आणि चार मिनिटांत उजेड हळूहळू मावळतो, असा प्रसंग होता. दिवे दोनच, हजार वॅटचे, हॅलोजनचे. पण कापसाच्या हंगामात आजूबाजूच्या जिनिंगच्या मशिनी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जायचं, बंद पडल्या की वर उडायचं. म्हातारा मरत असताना दिवे मध्येच भपकन मोठे व्हायचे.

"मॅडम, याच्यावर काही करता येते का?" सरांनी विचारलं.

मी केलं. अख्खा उन्हाळा घरी बसून बोर्ड बनवला. दोन्ही दिव्यांसमोर एकेका नळीत उजेड ओळखणारा छोटा सेन्सर बसवला. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. उजेड ठरवल्यापेक्षा कमी झाला की बोर्ड दिव्याला जास्त वीज देई, जास्त झाला की कमी करी. दिवे पूर्ण पेटवायचेच नाहीत, थोडे राखून ठेवायचे, म्हणजे व्होल्टेज पडल्यावर वाढवायला जागा राहते. तालमीत पहिल्यांदा उजेड तेलासारखा संथ उतरला, तेव्हा म्हाताऱ्याचं काम करणारे निवृत्त पोस्टमन बाजेवरून उठून माझ्याकडे आले.

"माय, आज मले खरंच मेल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. साऱ्या मंडळात माझ्या कामाबद्दल बोललेला हा एकच माणूस.

नाट्यस्पर्धेच्या दिवशी मी विंगेत बोर्डापाशी बसले होते. पडदा उघडण्याआधी माइकवरून नावं वाचली. प्रकाशयोजना म्हणून सरांच्या मेहुण्याचं नाव आलं. तो बोर्डाच्या वायरी गुंडाळायचा, एवढंच. माझा हात बटणावर होता. तो मी काढला नाही. चार मिनिटांची ती संध्याकाळ मी नीट उतरवली आणि प्रकाशयोजनेचं बक्षीस मेहुण्यानं घेतलं.

"माझं नाव काऊन नाही, सर?"

"अहो, बाईचं नाव पाहून परीक्षकायले वाटलं असतं, नवऱ्यानं करून दिलं. तुमी तर घरच्याच. नावाचं काय घेऊन बसल्या?"

मी बोर्ड परत मागितला. तो मंडळाचा आहे, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मी तालमीला गेले नाही.

पुढचा प्रयोग सोनाळ्याला होता, शाळेच्या मैदानात, उघड्या स्टेजवर. दुपारी मेहुण्याचा फोन आला.

"ताई, टेम्पोत दोन्ही नळ्या चेंदल्या. ते डोळे लटकून राह्यले. काय करू?"

मला माहीत होतं. डोळा काढला की बोर्डाला वाटतं अंधार आहे, आणि तो दिवा पूर्ण पेटवतो. मग बटण कितीही फिरवा, उजेड उतरत नाही.

"काढून टाक," मी म्हणाले. "काही होत नाही."

फोन ठेवून मी भाकरी थापायला बसले. भाकरी नेहमीसारख्याच गोल झाल्या, हेही सांगायला हवं.

काय झालं ते पोस्टमनकाकांनीच सांगितलं. आठवड्यानं ते मला बसस्टँडवर भेटले.

"पहिल्यापासूनच दिवे डोळ्यात घुसत होते. शेवटी मी मेलो, माय, अन् पडूनच राह्यलो. अंधार होईल, मग उठीन. होयेचना. तोंडावर दिव्यावरचे पाखरं बसू लागले. एक नाकात गेलं अन् खोकला आला. सारं मैदान हसलं. मेलेला खोकलला म्हणे. मग कोणीतरी प्लगच उपसला." ते बाकावर टेकले. "तू असती तर असं झालं नसतं."

मी सांगू शकले असते. त्यांची गाडी लागायला बराच वेळ होता. मी विचारलं, "चहा घ्याल का?" ते नको म्हणाले.

त्यानंतर त्यांनी नाटकात काम केलं नाही. दिवे का उतरले नाहीत, हे सरांना कोणी विचारलंही नाही. मंडळानं पुढच्या वर्षी तयार एलईडी आणले, त्यांच्याबरोबर मोबाइलएवढा कंट्रोलर आला, आणि मेहुणा आजही तालुक्यात लाइटवाला म्हणून ओळखला जातो. हसू झालं ते त्या म्हाताऱ्याचं. सरांचा एक केसही वाकडा झाला नाही.

काका गेल्या वर्षी वारले. मी बसायला गेले होते. त्यांची सून मला म्हणाली, "बाबा तुमचं लय नाव काढायचे." मी पाणी घेतलं आणि उठले.