बिस्किट बंद केल्यावर

यजमान गेल्यावर माझ्याकडे रोज न चुकता येणारी एकच होती, एक म्हातारी वानरी. एका कानाचा तुकडा गेलेली, कळपाने मागे टाकलेली असावी. बडनेरा रोडवरच्या आमच्या गच्चीच्या कठड्यावर दुपारच्या चहाला येऊन बसायची. मी चहा घ्यायचे, ती माझ्या हातून ग्लुकोजची बिस्किटं. मुलगा परदेशात असतो. फोनवर त्याला बोलायला काही सुचत नाही. हिलाही सुचत नसे, पण ही बसायची तरी.

जन्मभर दातांचा दवाखाना चालवला. समोरच्याने तोंड उघडलं की आत डोकावायची सवय अजून सुटलेली नाही. एका दुपारी तिने लांबलचक जांभई दिली आणि मला दिसलं. हिरड्या लालभडक, सुजलेल्या, दातांपासून सुटलेल्या, फटींत बिस्किटाचा लगदा. मेळघाटात शिबिरांना जायचे तेव्हा वानरं दिवसभर पाला आणि शेंगा चावताना दिसायची. वय झालं की त्यांच्याही हिरड्या खचत असतील. पण तो चोथा चावता चावता दात घासून निघतात, मैदा आणि साखर चिकटून बसते. हे मी हजारदा रोग्यांना ऐकवलं आहे, तेही रागावून.

दुसऱ्या दिवसापासून बिस्किट बंद. ताटात शेवग्याचा पाला आणि चिंचेची कोवळी पानं ठेवली. तिने वास घेतला, माझी ओंजळ उलटी करून पाहिली, आणि निघून गेली. चार-आठ दिवस असंच चाललं. मग यायचीच थांबली.

आता ती शेजारच्या काकूंच्या गच्चीवर बसते. काकू शनिवारी मारुतीच्या नावाने तिला गूळ-फुटाणे देतात, एरवी बिस्किटं.

"मॅडम, तिले काहून उपाशी ठेवून राहिल्या होत्या तुमी?" काकूंनी कठड्यावरून विचारलं. "मुकं जनावर हाये. मारुतीचं असते ते."

"गच्ची घाण करते," मी म्हणाले.

खोटं बोलले. खरं सांगितलं तर काकू त्याच क्षणी बिस्किटं बंद करतील, बाई पापभीरू आहे. मग वानरी ही गल्लीच सोडून जाईल. एकटीपुरता स्वयंपाक करायचा मला कंटाळा येतो, रात्री चहात बुडवून तीच बिस्किटं खाते, आणि सकाळी चूळ भरली की पाणी लालसर येतं. तेही कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी खुर्ची काकूंच्या बाजूला वळवून बसते. ती पाठमोरी असते, कधी वळून बघते. काल तिने पुन्हा जांभई दिली. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला.